आर्थर लो यांची पाटलोण

(वाचनालयाच्या मासिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख 'ब्रिटिश रंगभूमीचे अभ्यासक' अशी करून दिली. ते शब्द इतिवृत्तात लिहू नका. छत्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली अकरा शाखाधिकारी म्हणून. आज ज्या नटाबद्दल बोलायला उभा आहे त्यानं पडद्यावर बँकेचा मॅनेजर रंगवला, मी खुर्चीत बसून रंगवला, एवढाच आमचा संबंध. दोघांत सरस कोण, हे माझ्या जुन्या स्टाफला विचारू नका. दोघंतिघं मागच्या रांगेत बसलेले दिसतायत.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'दुय्यम नटाचा कणा'. मुद्दे तीन आहेत, कागदावर उतरवून आणलेत, कागद खिशात आहे. त्याच्याकडे येऊच. सात वाजता भजनी मंडळाला हॉल द्यायचाय हे माझ्या लक्षात आहे, त्यामुळे पेटीवाल्या काकांनी दारात उभं राहून माझ्याकडे तसं बघू नये.

तर, आर्थर लो. कितीजणांनी हे नाव ऐकलंय? चार. आणि त्यातले दोन माझ्या घरचे. हरकत नाही.

आमची मुलगी इंग्लंडमध्ये, नॉर्विचला असते. नातीच्या वेळी आम्ही दोघं सहा महिने तिकडे होतो. थंडीचे दिवस, दुपारी चारला अंधार, आणि घरात बाळ झोपलं म्हणून सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. शनिवारी संध्याकाळी जावई टीव्ही लावायचा, आवाज अगदी बारीक. बीबीसीवर 'डॅड्स आर्मी' नावाच्या जुन्या मालिकेचे भाग पुन्हा दाखवत. पहिल्यांदा बघितली तेव्हा इंग्रजी निम्मं कळलं नाही. पण एक बुटका, गोल, टकला, चष्मेवाला माणूस बँकेच्या केबिनमधून बाहेर आला, कोटाचं टोक खाली ओढलं, छाती पुढे काढली आणि समोरच्या उंच माणसाकडे असं बघितलं, की ही माझ्या कानात म्हणाली, "अहो, हे तुम्ही आहात."

इथून माझा अभ्यास सुरू झाला.

मालिकेची गोष्ट थोडक्यात. १४ मे १९४०. हिटलर फ्रान्समध्ये घुसलाय. मंत्री अँथनी ईडन रेडिओवरून आवाहन करतात, की सतरा ते पासष्ट वयाच्या ज्या पुरुषांना सैन्यात घेतलेलं नाही त्यांनी गावाच्या रक्षणासाठी नावं द्यावीत. पगार नाही. नंतर त्याचं नाव पडलं होमगार्ड. माणसं आली भरपूर, बंदुका नव्हत्या. पुढे तर सरकारनं लोखंडी नळ्यांना संगिनी जोडून भाले करून दिले, विसाव्या शतकात! या भाल्याला इंग्रजीत म्हणतात पाईक. आणि मालिकेतल्या सर्वांत लहान पोऱ्याचं आडनावही पाईक. आता आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, सेवक. 'स्वराज्याचे पाईक' आपण म्हणतोच. लेखकांना मराठी येत नव्हतं, योगायोग आहे, पण मला हा योगायोग फार आवडतो आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. माफ करा.

समुद्रकाठचं एक काल्पनिक गाव, तिथल्या बँकेचा मॅनेजर जॉर्ज मेनवेअरिंग, म्हणजे आपले लो. लिहायचं मेनवेअरिंग, म्हणायचं मॅनरिंग. तो स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमतो. त्याचा हेडक्लार्क विल्सन होतो सार्जंट. बँकेतला पोऱ्या पाईक हा साधा शिपाई. बाकी खाटीक, कफन-पेट्या विकणारा, एक काळाबाजारवाला, आणि एक अतिशय सभ्य म्हातारे ज्यांना दर अर्ध्या तासानं लघवीला जावं लागतं. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिली, १९६८ ते १९७७, एकूण ८० भाग. काही वेळा एक कोटी ऐंशी लाख लोक एका वेळी बघत. त्या सभ्य म्हाताऱ्यांचं काम करणाऱ्या नटाचं नाव अर्नोल्ड रिडली. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत खरोखर जखमी झालेला माणूस. खाटीक झालेला क्लाइव्ह डन दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता, आणि मालिकेत म्हातारा दिसतो तरी वयानं लोंपेक्षा लहान होता. म्हणजे विनोदी पथक, पण निम्म्यांनी खरी लढाई बघितलेली.

आता यातली खुबी बघा. विल्सनचं काम केलं जॉन ल मेझरिए यांनी. उंच, देखणे, खानदानी, बोलणं मधात बुडवलेलं. हा माणूस चांगल्या घरातला, महागड्या शाळेतला, आणि हाताखाली आहे. आणि कॅप्टन कोण, तर साध्या शाळेतून घासूनपुसून वर आलेला बुटका. कुठलाही निर्माता उंच माणसाला कॅप्टन करेल. यांनी उलटं केलं, आणि नऊ वर्षं त्या उलट्यावर चालवली. मॅनरिंग काहीतरी अचाट हुकूम सोडतो आणि विल्सन भुवई किंचित उचलून हळूच विचारतो, "हे शहाणपणाचं होईल का, सर?"

हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा ऐकलंय! आता ती गोष्ट सांगतोच. दोन मिनिटं.

तालुक्याच्या एका शाखेत होतो. बँकेचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे. वरून परिपत्रक आलं की दरोडा पडल्यास काय करायचं याची प्रत्येक शाखेनं रंगीत तालीम घ्यावी. आमच्या आधीच्या साहेबांनी अशी परिपत्रकं फायलीला लावली होती. मी नवा. मी म्हटलं, घ्यायची. काउंटरखाली पायानं दाबायचा सायरनचा खटका असतो, तो कॅशियरनं दाबायचा. बाकीच्यांनी खाली बसायचं. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे, त्या लपवायच्या कुठे, सगळं मी टाइप करून वाटलं. शिपायाला दरोडेखोर केलं. तोंडाला पंचा, हातात छत्री. छत्री म्हणजे बंदूक.

आमचे अकाउंटंट, अतिशय शांत माणूस, पान लावता लावता म्हणाले, "साहेब, सोमवारी नको. बाजार असतो."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दरोडेखोर वार बघून येतात का?"

ते म्हणाले, "बरं."

या 'बरं'मध्ये काय काय असतं हे ज्यांनी ऑफिसात नोकरी केलीय त्यांना सांगायला नको.

सोमवारी अकराला खटका दाबला. सायरन वाजला. उत्तम वाजला. थांबेना. बाजारातली दोन-तीनशे माणसं धावत आली, कोणाच्या हातात तागडी, कोणाच्या हातात बैलाचा कासरा, आणि आमचा शिपाई पंचा बांधून, छत्री घेऊन दारातच उभा. पुढचं तुम्ही समजला असालच. त्याला वाचवायला मी काउंटरवर चढलो आणि ओरडलो, "सोडा त्याला, तो आमचा माणूस आहे!" तर गर्दीतून एक आवाज आला, "आं? म्हंजे मॅनेजर सामील हाये!"

फौजदार आले ते हसतच आले. मला कळेना. नंतर कळलं की अकाउंटंटांनी सकाळी साडेदहालाच चौकीत फोन करून ठेवला होता, की अकराला आमच्याकडे नाटक आहे. मला सांगितलं नाही. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्ही नको म्हणाला असता."

(हशा.)

हसताय, पण हे सांगण्यामागे कारण आहे. मालिकेत १९७३चा एक भाग आहे. बुडालेल्या जर्मन पाणबुडीचा कॅप्टन आणि त्याचे खलाशी या म्हाताऱ्यांच्या ताब्यात आलेत. मॅनरिंग हुकूम देतो की हातबॉम्ब सज्ज ठेवा. विल्सन परस्पर त्यात खोटे खटके बसवतो, कारण या मंडळींच्या हातात खरे बॉम्ब देणं त्याला धोक्याचं वाटतं. आणि शेवटी त्या हुकूम न पाळण्यामुळेच सगळे वाचतात. तो भाग बघताना मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. बाळ जागं झालं.

याच भागात ते वाक्य आहे जे इंग्लंडमध्ये लहान मूलही सांगेल. जर्मन कॅप्टन, काम फिलिप मॅडॉक यांचं, चेहऱ्यावर माशी हलत नाही, खिशातून वही काढतो: युद्ध जिंकल्यावर ज्यांचा हिशोब करायचा त्यांची यादी. पोऱ्या पाईक हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. कॅप्टन म्हणतो, तुझंही नाव यादीत जाईल, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग तत्काळ, पोटतिडकीनं, बापाच्या मायेनं म्हणतो, "सांगू नकोस त्याला, पाईक!"

आता हा विनोद कागदावर कोणीही लिहील. साधा आहे, शाळेतल्या गॅदरिंगचा आहे. तो जगतो कशावर? लोंनी ते वाक्य विनोद म्हणून टाकलेलं नाही. थांबले नाहीत, प्रेक्षकांकडे बघितलं नाही, 'आता हसा' अशी जागा सोडली नाही. जवळून बघा, मान किंचित पुढे आलेली आहे आणि आवाजात हुकूम आहे. माणूस आपल्या पोऱ्याला वाचवतोय. आपण काय केलं हे त्याला कळलेलंच नाही, आणि कळायच्या आत प्रेक्षक कोसळलेत. (माझ्या बाबतीत मी फौजदारांना शिपायाचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे व्याख्यान इथेच संपलं असतं.)

आणि आता पाटलोण.

मूळ संहितेत होतं की जर्मन कॅप्टन एक बॉम्ब मॅनरिंगच्या पाटलोणीत खुपसतो. लोंनी नकार दिला. सांगतात की त्यांच्या करारातच कलम होतं, पाटलोण उतरवावी लागेल असा प्रसंग त्यांच्यावर येणार नाही. शेवटी बॉम्ब गेला खाटकाच्या पाटलोणीत, म्हणजे क्लाइव्ह डन यांच्या. डन यांचा त्याला काहीच आक्षेप नव्हता, उलट त्यांनी त्याचं सोनं केलं.

लोक ही गोष्ट लोंच्या आढ्यतेचा नमुना म्हणून सांगतात. सेटवरही ते तसेच होते म्हणे. संहिता घरी नेत नसत, पाठांतर कच्चं, म्हणून लेखकांनी एकदा त्यांना दोन प्रती पाठवल्या, एक उशाखाली ठेवायला. पहिल्या भेटीचा किस्साही तसाच. बीबीसीत जेवताना लो म्हणाले, ती अमुक मालिका मला अजिबात आवडत नाही, तसलं काही असेल तर मी नाही. समोर बसलेल्या क्रॉफ्टनीच ती मालिका केली होती. आपल्याकडे असं बोलणाऱ्याला दौऱ्याच्या गाडीत शेवटची सीट मिळते. क्रॉफ्टनी मुख्य भूमिका दिली.

पण मी म्हणतो, आणि हाच माझा हट्ट आहे, की पाटलोणीच्या बाबतीत लो बरोबर होते. पाटलोण पडली की कोणीही हसतं. मॅनरिंगची पडली की मॅनरिंग संपतो, कारण त्या माणसाजवळ इभ्रतीशिवाय दुसरं काही नाही. घर साधं, बायको एलिझाबेथ जी ८० भागांत एकदाही समोर येत नाही. एकदाच, वरच्या बंकवर झोपलेली, आणि आपल्याला दिसतो फक्त खाली आलेला गादीचा फुगवटा. गावात मान बँकेच्या खुर्चीमुळे. टोपी तिरकी होऊ दे, चष्मा कानावर लटकू दे, चिखलात पडू दे, तो उठून टोपी सरळ करतो आणि पुढचा हुकूम सोडतो. टोपी सरळ करता येते. पाटलोणीचं तसं नाही.

थेटफर्डला, जिथे बाहेरचं चित्रीकरण होई, नदीकाठी मॅनरिंगचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१०मध्ये बसवलेला. नॉर्विचहून रेल्वेनं अर्धा तास. बाकावर बसलाय, शेजारी जागा ठेवलीय. मी बसलो. हिनं फोटो काढला आणि म्हणाली, "दोघांचेही चेहरे सारखेच फुगलेत." फोटो आणलाय, पण प्रोजेक्टरची वायर, असं आत्ता कळलंय, दुसऱ्या वाचनालयाकडे गेलीय.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. म्हणजे आता मुद्दे.

आधी माणूस, धावत सांगतो. जन्म २२ सप्टेंबर १९१५, डर्बीशरमधलं हेफील्ड. वाढले मँचेस्टरमध्ये. वडील रेल्वेत. मर्चंट नेव्हीत जायचं होतं, डोळ्यांनी दगा दिला. विमानाच्या कारखान्यात नोकरी, मग फौज, मध्यपूर्वेत तळावर नाटकं बसवायला लागले. लढाई संपली तेव्हा वय तीस, डोक्यावरचे केस निघालेले, आणि हा माणूस ठरवतो की नट व्हायचं. मँचेस्टरच्या ह्यूम भागातली नाटक कंपनी, आठवड्याला पाच पौंड, रोज रात्री दोन खेळ. तिथेच जोन कूपर भेटल्या, १९४८मध्ये लग्न. १९४९च्या ज्या गाजलेल्या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेस यांनी एकाच घराण्यातली आठ माणसं केली, त्यात अगदी शेवटी तुरुंगाच्या दारात एक वार्ताहर येतो आणि आठवणी छापायला मागतो. तो वार्ताहर म्हणजे लो. गिनेसना आठ भूमिका, यांना मोजकी वाक्यं, पण चित्रपटाचा शेवट त्या वाक्यांवर फिरतो. मग संगीतिका, मग १९६० ते ६५ 'कॉरोनेशन स्ट्रीट' या टीव्ही मालिकेत कापडदुकानाचे मॅनेजर स्विंडली, ज्यांचं ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडतं. म्हणजे मॅनरिंग मिळाला तेव्हा वय बावन्न.

मुद्दा एक: तालीम. आठवड्याला नवं नाटक करणाऱ्या कंपनीत भूमिकेचं अंतरंग शोधायला वेळ नसतो. सोमवारी न्यायाधीश, पुढच्या सोमवारी बटलर. नट बाहेरून आत जायला शिकतो, आधी चष्मा ठरवायचा, चालायची लय ठरवायची, मग माणूस. आपल्याकडे दामुअण्णा मालवणकरांनी डोळ्यांतला तिरळेपणा असाच भांडवल म्हणून वापरला. लोंनी टक्कल आणि उंची वापरली. यावर खूप बोलायचं होतं.

मुद्दा दोन: पाठांतर कच्चं असणं हा दोष होता, पण मॅनरिंग जो मध्येच अडखळतो, 'हं' करतो, शब्द शोधतो, ते लोंच्या विसरण्यातून आलेलं असावं असं मला वाटतं. गंभीर कामात ते असे अडखळत नाहीत. १९७४मध्ये नॅशनल थिएटरनं केलेल्या शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट'मध्ये जॉन गीलगुड प्रॉस्पेरो आणि लो दारुडे स्टेफानो. लिंडसे अँडरसनच्या चित्रपटांतही होते. त्यातल्या 'ओ लकी मॅन'साठी बाफ्टा, म्हणजे तिकडचा मोठा चित्रपट पुरस्कार, मिळाला. त्यात तीन भूमिका आहेत आणि एकीत तोंडाला काळं फासून आफ्रिकी हुकूमशहा केलाय. आज ते बघवत नाही. बक्षीस मिळालं म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही.

मुद्दा तीन, माझा आवडता, आणि त्याला चार मिनिटं उरलीत. १९७०च्या एका भागात मॅनरिंग प्रेमात पडतो. पथकात बायका घेतात, त्यात मिसेस ग्रे येतात, कार्मेन सिल्व्हेरा यांनी केलेल्या. दोघं चहाच्या दुकानात बसतात. गाव बोलायला लागतं. त्या निघून जायचं ठरवतात, आणि हा कॅप्टन स्टेशनवर धावत जातो. बँकेचा मॅनेजर, फलाटावर, सगळ्यांसमोर, विनवतो की जाऊ नका, निदान आठवड्यातून एकदा भेटत जा. गाडी सुटते. विनोद नाही. लो यांनी इथे आवाज चढवलेला नाही, डोळे पुसलेले नाहीत. फक्त तो जो छाती काढलेला माणूस होता त्याची छाती बसते. आणि मग १९७५च्या नाताळच्या भागात ते स्वतःच मॅनरिंगचा दारुडा भाऊ झालेत, जो येऊन सांगतो की आपला बाप फार मोठा कोणी नव्हता, गल्लीतला कापडदुकानदार होता. दोन्ही भूमिका एकाच चेहऱ्याच्या. एक चेहरा बापाची इभ्रत वाढवून सांगतो, दुसरा ती उतरवतो. नायकाच्या भूमिकेत हे कोणी करू देत नाही. नायकाला बाप मोठाच लागतो. दुय्यम नटाचा कणा म्हणजे... नाही, हा मुद्दा असा दोन वाक्यांत होणार नाही. पुढच्या वर्षी बोलवा.

शेवट सांगतो आणि बसतो. १४ एप्रिल १९८२. लो बर्मिंगहॅमला. दुपारी टीव्हीवर थेट मुलाखत दिली, हसतखेळत. संध्याकाळी अलेक्झांड्रा थिएटरमध्ये 'होम अ‍ॅट सेव्हन'चा प्रयोग होता, बायकोही त्याच नाटकात. रंगपटात कोसळले, मेंदूचा झटका. पहाटे गेले, वय ६६. अंत्यसंस्काराला माणसं थोडी होती. जोनबाई नव्हत्या. नाटक तोवर बेलफास्टला पोचलं होतं आणि त्यांनी प्रयोग चुकवायला नकार दिला.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा ही म्हणाली, "बरोबर केलं तिनं. तिकिटं विकली गेली असणार."

हो काका, उठलोच. 'सांगू नकोस त्याला, पाईक' माझ्या फोनमध्ये आहे. चहाच्या टेबलाशी पाच-पाच जणांनी या, आवाज बारीक ठेवतो, भजन सुरू होईल.